औषधाचा कस

विट्याचा गलाईवाला हिंदुस्थानातील कोणत्या मोठ्या शहरात नाही, असे कोणी विचारले तर उत्तर देताना आपणांस अडखळावे लागेल. खानापूर, आटपाडी, तासगाव हा आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कमी पावसाचा टापू. तेथील माणसे पोटासाठी घराबाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याचा धंदा करीत देशभर पसरली. या मंडळींचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्यापुढे दागिना ठेवून तुम्ही सांगा की, हा आमच्या आजीच्या वेळचा आहे, अमक्या नामांकित पेढीवरचा आहे, पावतीवर बावीस कॅरट असे स्वच्छ लिहिलेले आहे. गलाईवाला ते सगळे शांतपणे ऐकून घेतो आणि दागिना मुशीत टाकतो. पावती काय म्हणते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सोने काय म्हणते एवढेच त्याला पाहायचे असते.

हीच वृत्ती पुढे कायद्यानेही उचलली. १६ जून २०२१ पासून आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची एक खूण कोरलेली असते. हजार भागांत ९१६ भाग सोने, असा त्याचा अर्थ. यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही परीक्षा दागिना विकणारा सराफ करीत नाही. ती भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेल्या निराळ्या केंद्रात होते. सराफ अप्रामाणिक असतो असे यात गृहीत धरलेले नाही. विकणारा आणि पारखणारा एकच असू नये, एवढाच यातला विवेक आहे.

आता त्याच घरातील दुसरी एक वस्तू पाहू. शीतकपाटाच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी, बोटाएवढी एक काचेची बाटली उभी असते. तिच्यात पाण्यासारखे स्वच्छ इंजेक्शन आहे. आजोबा ते रोज सकाळी पोटावर टोचून घेतात. त्या बाटलीचा कस कोणी घेतला, केव्हा घेतला, कशाने घेतला, हा प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारलेला नसतो. तोळाभर सोन्याच्या बाबतीत आपण जेवढे चोखंदळ असतो, तेवढे रक्तात मिसळणाऱ्या औषधाच्या बाबतीत का नसावे? आजचा विषय या प्रश्नातून निघालेला आहे. औषधांतही पेप्टाइड या वर्गातील औषधांचा विचार मी मुख्यतः करणार आहे, कारण त्यांची पारख सर्वांत नाजूक असते आणि गेल्या काही वर्षांत त्यांचा बोलबालाही सर्वांत अधिक झाला आहे.

मुंबईची आठवण

प्रथम एक दुःखद आठवण सांगितली पाहिजे. ती पेप्टाइडची नाही, एका अगदी साध्या द्रवाची आहे. परंतु औषधाची ओळख पटवून घेणे म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्राला तिने जितके शिकवले तितके दुसऱ्या कशाने शिकवले नसेल.

१९८६ सालचा जानेवारी-फेब्रुवारी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना मेंदूतील किंवा डोळ्यांतील दाब उतरावा म्हणून ग्लिसरीन पाजले जात होते. हा उपचार जुना आणि परिचित. परंतु त्या दिवसांत रुग्ण बरे होण्याऐवजी त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले. एकामागून एक १४ माणसे दगावली. तपासाअंती दिसून आले की, त्या ग्लिसरिनात डाय-इथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने याची चौकशी केली आणि खरेदी, परवाना, तपासणी, देखरेख अशा प्रत्येक पायरीवरची ढिलाई लोकांसमोर मांडली.

ग्लिसरीन दिसायला स्वच्छ, दाट, चवीला गोड. डाय-इथिलीन ग्लायकॉलही स्वच्छ, दाटसर, गोड. डॉक्टरच्या डोळ्याला, परिचारिकेच्या हाताला, रुग्णाच्या जिभेला त्यातला भेद कळण्याचा संभव नव्हता. तो भेद केवळ प्रयोगशाळेला कळू शकत होता. आणि नेमकी तीच पायरी औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये उभी राहिली नाही. आज ग्लिसरिनाच्या ओळखीच्या परीक्षेतच या विषाचा शोध घेणे अंतर्भूत केलेले आहे. ते कलम कागदावर येण्यासाठी देशोदेशी किती माणसांनी प्राण दिले, याचा विसर पडू नये.

पेप्टाइड म्हणजे काय?

ग्लिसरिनाचा रेणू लहान, चौदा अणूंचा. पेप्टाइडचा रेणू ही मात्र एक ओवलेली माळ असते. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. आपल्या शरीरात साधारण वीस जातींचे मणी वापरले जातात. कोणता मणी कोणत्या जागी यावा हे ठरलेले असते आणि औषधाचा सारा गुण त्या क्रमात असतो.

बाळंतिणीचा रक्तस्राव आवरण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिन नऊ मण्यांचे आहे. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी ते १९५३ साली प्रयोगशाळेत ओवून दाखवले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहाचे इन्सुलिन ५१ मण्यांचे. त्यात एक सर २१ मण्यांचा, दुसरा ३० मण्यांचा, आणि दोन्ही सर गंधकाच्या पुलांनी जोडलेले. त्यातील मण्यांचा क्रम इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला. त्यांना १९५८ साली नोबेल मिळाले. हल्ली मधुमेह आणि लठ्ठपणा यांसाठी ज्याचे नाव घरोघरी ऐकू येते ते सेमाग्लुटाइड ३१ मण्यांचे असून त्याच्या एका मण्याला मेदाम्लाची लांब शेपटी जोडलेली आहे. त्याच्या मूळ पेटंटाची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची. अशी मुदत सरली की अनेक कारखाने तेच औषध करू लागतात आणि किंमत उतरते. ही गोष्ट सामान्य माणसाच्या हिताचीच आहे. मात्र करणारे जितके वाढतात तितकी पारखणाऱ्याची जबाबदारीही वाढते.

ही माळ ओवतात कशी? १९६३ साली ब्रूस मेरिफील्ड यांनी एक सुटसुटीत रीत शोधली. राळेच्या बारीक दाण्याला पहिला मणी चिकटवायचा, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी उरलेले द्रव्य धुऊन टाकायचे. या शोधासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. आता थोडे गणित करू. समजा, प्रत्येक मणी ओवताना शंभरातील नव्याण्णव माळांत तो नीट बसला. कोणीही म्हणेल की, काम उत्तम झाले. परंतु अशा तीस पायऱ्या झाल्यावर निर्दोष माळा शंभरात ७४ च उरतात. उरलेल्या २६ माळांत कुठे ना कुठे एखादा मणी गळालेला असतो. ओवणाऱ्याच्या हातून कसूर झालेली नसतानाही हे घडते. म्हणून पुढे शुद्धीकरण करावे लागते, ते खर्चाचे असते, आणि ज्याला चटकन पैसा करायचा आहे त्याला मोह होतो तो नेमका याच पायरीवर.

पहिला कस : हे आहे तरी कोण?

औषधाच्या परीक्षेत दोन प्रश्न निरनिराळे ठेवावे लागतात. बाटलीत जे आहे ते लेबलावर लिहिलेलेच द्रव्य आहे का, हा पहिला. आणि ते किती निर्भेळ व किती वजनाचे आहे, हा दुसरा.

पहिला प्रश्न कोणाला अनावश्यक वाटेल. लेबलावर एक आणि आत दुसरेच, असे कोण करील? ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियाच्या औषध खात्याला इशारा द्यावा लागला, तो याच गोष्टीचा. सेमाग्लुटाइडच्या नावाने विकलेले बनावट इंजेक्शन घेऊन काही माणसे रुग्णालयात दाखल झाली. त्यांच्या रक्तातील साखर एकदम उतरली होती, झटके येत होते. लक्षणांवरून आत सेमाग्लुटाइड नसून इन्सुलिन असावे असे दिसत होते. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ब्राझील, इंग्लंड आणि अमेरिका येथे सापडलेल्या अशा बनावट मालाविषयी जगाला सावध केले. दोन्ही औषधे मधुमेहाचीच, दोन्ही पाण्यासारखी पारदर्शक, दोन्ही पेनासारख्या नळीतून टोचायची. फरक पडतो तो प्राणांचा.

ओळख पटवण्याचे मोठे साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र. रेणूंचा तराजू म्हटले तरी चालेल. रेणूला विद्युतभार देऊन तो निर्वात पोकळीत सोडतात आणि त्याच्या चालीवरून त्याचे वजन काढतात. ऑक्सिटोसिनच्या रेणूचे वजन सुमारे १,००७, सेमाग्लुटाइडचे सुमारे ४,११४, मानवी इन्सुलिनचे सुमारे ५,८०८. एक मणी गळाला तर वजन तेवढ्याने उतरते. औषधाला हवा लागून प्राणवायूचा एक अणू चिकटला तर ते १६ ने वाढते. पेप्टाइडसारखे जड आणि नाजूक रेणू न मोडता या तराजूत घालण्याची युक्ती जॉन फेन यांनी शोधली. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

परंतु एकट्या तराजूवर विसंबता येत नाही. डेअरीवर दूध घालणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. लॅक्टोमीटर दुधाची घनता दाखवतो. पाणी घातले की आकडा उतरतो, साय काढली की चढतो. दोन्ही उद्योग बेताने केले तर लॅक्टोमीटर बिचारा ‘दूध चांगले आहे’ असे सांगून मोकळा होतो. म्हणून स्निग्धांश निराळा काढावा लागतो. पेप्टाइडचेही तसेच. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोन मण्यांचे वजन अगदी एक. आणि प्रत्येक मण्याला, ग्लायसिन या सर्वांत साध्या मण्याचा अपवाद सोडता, आरशातल्यासारखे उलटे रूप असते. त्याचेही वजन तेच, पण शरीराच्या कुलपात ती किल्ली फिरत नाही. म्हणून माळ ठरावीक जागी तोडून तुकड्यांची वजने पाहावी लागतात, आणि खात्रीच्या मूळ नमुन्याशेजारी ठेवून दोहोंची तुलना करावी लागते. असे खात्रीचे नमुने आपल्या देशात गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग पुरवतो. इन्सुलिनचा पहिला आंतरराष्ट्रीय नमुना १९२५ सालीच ठरला होता. सोनाराच्या वजनांना जशी सरकारी मापे, तशी ही रसायनांची मापे.

दुसरा कस : निर्भेळ किती आणि वजन किती?

शुद्धता पाहण्यासाठी वर्णलेखनाची रीत वापरतात. या शतकी विद्येचा आरंभ मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने केला. पानांतील रंग खडूच्या नळीतून सोडून त्याने ते वेगळे करून दाखवले. तत्त्व सोपे आहे. बाजारच्या दिवशी पेठेच्या एका टोकाने शंभर माणसे एकदम शिरली असे समजा. ज्याला कशात रस नाही तो सरळ चालत दुसऱ्या टोकाला निघतो. जो प्रत्येक दुकानाशी थबकतो तो तासाभराने. बाहेर पडण्याच्या वेळेवरून माणसाचा स्वभाव कळतो. प्रयोगशाळेत पेठेच्या जागी बारीक भुकटीने भरलेली पोलादी नळी असते आणि द्रव मोठ्या दाबाने तिच्यातून ढकलतात. मूळ पेप्टाइड एका ठरावीक मिनिटाला बाहेर पडते, मणी गळालेली माळ थोडी आधी किंवा नंतर. प्रत्येकाची टेकडी कागदावर उमटते. मुख्य टेकडीचे क्षेत्रफळ एकूण टेकड्यांच्या शेकडा किती, तो शुद्धतेचा आकडा.

येथे श्रोत्यांनी सावध असले पाहिजे, कारण सोन्याच्या व्यवहाराने आपल्याला जी सवय लावली आहे ती येथे फसवते. ९१६ हा सोन्याचा आकडा वजनाचा आहे. पेप्टाइडच्या कागदावरील ‘९८ टक्के’ हा आकडा वजनाचा नाही. टेकड्या उमटतात त्या यंत्राच्या प्रकाशाला दिसणाऱ्या द्रव्यांच्याच. पाणी दिसत नाही, क्षारही दिसत नाहीत. पेप्टाइडची भुकटी हवेतले पाणी शोषते आणि तिला शुद्धीकरणातील आम्लाचा अंश चिकटून राहतो. समजा, बाटलीत दहा मिलिग्रॅम भुकटी आहे आणि तिच्यात दीड मिलिग्रॅम पाणी व क्षार आहेत. राहिले साडेआठ. त्याचे ९८ टक्के म्हणजे सुमारे ८.३ मिलिग्रॅम खरे औषध. कागदावरचा ९८ हा आकडा खरा, लेबलावरचे दहा खोटे, आणि फसलेला माणूस मात्र दोन्ही कागद दाखवून म्हणतो की, माझ्याजवळ पुरावा आहे! म्हणून बाटलीत औषध प्रत्यक्ष किती, हे खात्रीच्या नमुन्याशी ताडून स्वतंत्रपणे मोजावे लागते.

आणि एवढे करूनही एक शत्रू निसटतोच. मेलेल्या जंतूंच्या कवचाचे अंश औषधात राहिले तर ताप, थंडी, क्वचित प्राणावर बेतणारा धक्का बसतो. वर्णलेखनाला ते दिसत नाहीत. त्यांची परीक्षा निराळी. जिवंत जंतू नाहीत ना, हे पाहायला नमुना पोषक द्रवात घालून १४ दिवस थांबावे लागते. चौदा दिवसांची परीक्षा दोन दिवसांत झाल्याचे कोणी सांगितले, तर ती कोणत्या रीतीने झाली हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

पारखणारा निराळा का हवा?

पेप्टाइड औषधांच्या इतिहासात स्वतंत्र परीक्षेची परंपरा आरंभापासूनच आहे, ही समाधानाची गोष्ट. कॅनडातील टोरांटो येथे १९२१-२२ मध्ये इन्सुलिन हाती आले. संशोधकांनी आपले पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. या औदार्याची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो. त्यामागची व्यवहारदृष्टी मात्र सांगितली जात नाही. पेटंट हाती ठेवून विद्यापीठाने एक समिती नेमली आणि कारखान्यांवर अट घातली की, प्रत्येक बॅचची, म्हणजे एका वेळी काढलेल्या घाण्याची, परीक्षा या समितीकडून व्हावी. त्या काळी रसायनाने इन्सुलिन मोजता येत नसे. उपाशी सशाला टोचून त्याच्या रक्तातील साखर किती उतरते, यावर जोर ठरे. एका घाण्याचे इन्सुलिन दुबळे आणि दुसऱ्याचे जहाल निघाले तर रोग्याने मात्रा ठरवायची कशी? १९४१ मध्ये पेटंटाची मुदत सरली, तेव्हा अमेरिकेच्या संसदेने कायदा करून हे काम सरकारी औषध खात्याकडे सोपवले. पुढे कितीतरी वर्षे तेथे खात्याच्या दाखल्यावाचून इन्सुलिनचा घाणा विकता येत नसे.

स्वतंत्र म्हणजे अचूक, असा मात्र याचा अर्थ नव्हे. २०१७ च्या अखेरीस दोन संशोधकांनी अमेरिकेतील दुकानांतून विकत आणलेल्या इन्सुलिनच्या १८ बाटल्या तपासल्याचे प्रसिद्ध झाले. मिलिलिटरला किमान ९५ युनिट हवीत. त्यांना सरासरी ४०.२ आढळली. मधुमेह्यांत मोठी घबराट उडाली. मग इतर प्रयोगशाळांनी तशाच बाटल्या प्रमाणित रीतीने तपासल्या. त्यांना इन्सुलिन पुरेपूर भरले. पहिल्या अभ्यासाने वापरलेली मोजण्याची रीतच तज्ज्ञांनी सदोष ठरवली. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. शंका काढणाऱ्याला शंका काढू दिली, हे चांगले झाले. आणि त्याचा निकाल दुसऱ्याने पुन्हा तपासला, हे त्याहून चांगले झाले. एका पारख्याचा शब्द हा पुरावा. दोन पारख्यांचे एकमत हा निर्णय.

आपल्या डोंगरातील प्रश्न

हे सर्व टोरांटोचे आणि व्हिएन्नाचे झाले. पाटणात याचे काय, असे कोणी विचारील. कोयना आणि केरा यांच्या संगमावरचे हे गाव. ढेबेवाडीच्या खोऱ्यापासून कोयनानगरच्या वरच्या वाड्यांपर्यंत तालुका पसरलेला. श्रावणात वाट निसरडी होते, वीज जाते. अशा रात्री बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव थांबेना, तर डॉक्टर किंवा परिचारिका पहिल्यांदा हात घालते तो ऑक्सिटोसिनच्या कुपीला. मात्रा १० युनिट. तेच नऊ मण्यांचे औषध.

हे औषध उष्णता सोसत नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी मिळून सांगितले की, ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तपमानातच ठेवावे आणि वाहून न्यावे. उन्हात तापलेली कुपी आणि थंड ठेवलेली कुपी डोळ्यांना सारखीच दिसते. पहिलीतील औषध दुबळे झाले असेल, तर ते कळण्याची वेळ असते ती बाईच्या पांढऱ्या पडत चाललेल्या चेहऱ्याकडे पाहण्याची. तेव्हा कळून उपयोग नसतो. म्हणून कुपी कारखान्यातून निघताना एकदा आणि वाटेवर, साठ्यात असताना अधूनमधून नमुना उचलून पुन्हा, अशी परीक्षा व्हायला हवी.

याच औषधाची दुसरी, कुरूप बाजूही आपल्या भागाला अपरिचित नाही. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून टोचायच्या, बिनलेबलाच्या बाटल्या देशात ठिकठिकाणी चोरून विकल्या जातात. हा दुरुपयोग थांबावा म्हणून एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने खाजगी कारखान्यांना देशातील विक्रीसाठी ऑक्सिटोसिन करण्यास मनाई केली आणि ते काम एकाच सरकारी कारखान्याकडे दिले. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मनाई रद्द ठरवली. औषधाचा तुटवडा पडला तर बाळंतिणींचे प्राण धोक्यात येतील, हा विचार त्यात प्रमुख होता. बंदीने प्रश्न सुटत नाही. बाटलीत काय आहे आणि ती कोणाची आहे, हे सतत पाहत राहावे लागते.

कायद्याने दिलेला अधिकार

हे पाहण्याची व्यवस्था १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आहे, आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो. एक दुकानदाराकडे राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी, आणि एक औषध करणाऱ्यासाठी. विश्लेषकाचा निकाल मान्य नसेल तर २८ दिवसांच्या आत तसे कळवावे लागते; मग न्यायालयातील भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निकाल अखेरचा. पारख्याचीही पारख होते, ती अशी.

परंतु या कायद्याचे २६ वे कलम आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? विकत घेतलेले औषध ठरावीक अर्ज करून आणि ठरावीक फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस देण्याचा आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवण्याचा अधिकार या कलमाने कोणाही माणसाला दिला आहे. मान्यताप्राप्त ग्राहक संस्थेलाही तो आहे. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही, वकील लागत नाही. खरेदीची पावती मात्र जवळ असावी. आणि आपण पावती घेत नाही, हे आपल्या असहायतेचे अर्धे कारण आहे. एकट्या माणसाला फीचा आणि खटपटीचा भार वाटेल; पण गावातील पाच-पन्नास मधुमेही किंवा एखादी ग्राहक पंचायत मिळून वर्षातून एकदा हे सहज करू शकतील.

खाजगी प्रयोगशाळांचे अहवालही हल्ली पुष्कळ फिरतात. असा कागद हाती आला तर काही साधे प्रश्न विचारावेत. नमुना कोणी पाठवला, विकणाऱ्याने की विकत घेणाऱ्याने? विकणाऱ्याने निवडून पाठवलेली बाटली चांगलीच निघणार. गाड्यावरच्या पाटीत वरचे आंबे नेहमी मोठेच असतात. कागदावरचा बॅच नंबर आपल्या बाटलीवरच्या नंबराशी जुळतो का? ओळख आणि शुद्धता दोन्ही तपासल्या का? औषधाचे प्रत्यक्ष वजन दिले आहे, की केवळ टक्केवारी? जंतू आणि जंतूंचे विष यांची परीक्षा झाली का? आणि खाली सही करणारी प्रयोगशाळा खरोखर अस्तित्वात आहे का, तिला मान्यता आहे का, तिच्याकडे फोन करून त्या क्रमांकाचा अहवाल तिनेच दिला याची खात्री होते का? यांतील एकाही प्रश्नाला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

एक इशारा देऊन संपवतो. ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरांत छापून पेप्टाइडच्या बाटल्या हल्ली इंटरनेटवरून विकल्या जातात, आणि घेणारे त्या स्वतःला टोचतात. सोबत ९९ टक्क्यांचा सुबक कागद असतो. तो कागद खरा धरला तरी तो एका बाटलीविषयी बोलतो; पुढच्या घाण्याविषयी, वाटेतल्या उन्हाविषयी, टोचण्याच्या मात्रेविषयी तो काही बोलत नाही. परवान्याने बनलेले, डॉक्टरने लिहून दिलेले आणि पावतीसह घेतलेले औषध यांच्यामागे निदान जाब विचारता येईल अशी माणसांची साखळी असते. या बाटलीमागे कोणीच नसते.

आज घरी गेल्यावर शीतकपाटाचे दार उघडून ती बोटाएवढी बाटली हातात घ्या. तिच्यावरचे नाव, बॅच नंबर, मुदत आणि साठवणीचे तपमान वाचा आणि पावती कोठे ठेवली आहे ते शोधा. विट्याच्या गलाईवाल्यासारखी मूस आपल्याजवळ नाही. पण ती जेथे आहे तेथपर्यंत बाटली पोचवण्याची वाट कायद्याने आपल्याला करून दिली आहे. त्या वाटेने कोणी गेलेच नाही, तर तिच्यावर गवत उगवेल.